पार्नेलचा देश आणि पडद्यावरचा दारुडा

‘होमरूल’ हा शब्द आपल्याकडे आला तो आयर्लंडहून. १९१६ च्या एप्रिलात लोकमान्य टिळकांनी बेळगावी होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा त्या नावामागे पार्नेल या आयरिश पुढाऱ्याच्या चळवळीचा इतिहास उभा होता. त्याच महिन्यात डब्लिन शहरात इंग्रजी सत्तेविरुद्ध बंडाचा उठाव झाला, आणि त्या बंडात देहान्ताच्या शिक्षेतून वाचलेला डी व्हॅलेरा पुढे स्वतंत्र आयर्लंडचा कारभारी झाला. भगिनी निवेदिता तर जन्मानेच आयरिश. अशा रीतीने स्वातंत्र्य, त्याग आणि विद्या यांच्याशी ज्या देशाचे नाव आपल्या मनात जोडले गेले, त्या देशाचा माणूस शोधण्यासाठी मराठी प्रेक्षक एखादा जुना अमेरिकन चित्रपट पाहायला बसला, तर त्याच्या पदरी काय पडते? गुत्त्यातून झोकांड्या खात बाहेर येणारा, एका क्षणी गहिवरून गाणारा आणि दुसऱ्या क्षणी गुद्द्यांवर येणारा, तांबड्या केसांचा एक गोडबोल्या इसम. त्याच्या अवतीभवती शिट्टी फुंकणारा जाडजूड पोलीस शिपाई असतो, पोरांचे कान उपटणारा प्रेमळ पाद्री असतो, आणि स्वयंपाकघरात हटकून काहीतरी फोडणारी मोलकरीण असते. चित्रपट बदलतो, दिग्दर्शक बदलतो, दशके उलटतात. ही माणसे मात्र बदलत नाहीत.

एका लहानशा बेटावरील लाखो भिन्नभिन्न स्वभावांच्या माणसांतून नेमकी ही चारपाच सोंगे निवडली कोणी, आणि शंभर वर्षे ती टिकली कशी, हा प्रश्न मला फार दिवस सतावत आला आहे. द्वेष हे त्याचे एक उत्तर आहे, पण ते अपुरे आहे. कारण ही सोंगे जोपासण्यात आयरिश हातांचाही वाटा मोठा आहे.

दोन मिनिटांचे पात्र

प्रथम कथाकाराची अडचण ध्यानात घेतली पाहिजे. दीड तासाच्या चित्रपटात नायक-नायिकेचा हिशेब चुकता केल्यावर दुय्यम पात्राच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटे येतात, आणि तेवढ्या अवधीत त्याची ओळख पटवून द्यावयाची असते. अशा वेळी प्रेक्षकाच्या मनात आधीच तयार असलेली मूर्ती उचलून वापरणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातून शेकडो गणपती निघतात, आणि मग कोणाच्या सोंडेला सोनेरी रंग, कोणाच्या पीतांबराला जांभळा काठ, एवढाच भेद कारागीर करतो. पटकथेतील दुय्यम पात्रांचेही तसेच. आपल्या संस्कृत नाटकांतील विदूषक पाहा. तो बहुधा ब्राह्मण, बहुधा खादाड आणि राजाचा जिवलग असतो. तो रंगमंचावर आला की त्याच्या तोंडून मोदकांचा उल्लेख निघणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि नाटककाराला त्याच्या कुळशीलाचे वर्णन करावे लागत नाही.

मात्र विदूषकावरून कोणी विदूषकांच्या जमातीविषयी मत बनवीत नाही, कारण तशी जमात नाही. साचा जेव्हा जिवंत लोकांच्या नावाने विकला जातो, तेव्हा खरा मामला सुरू होतो.

चौकट : ‘स्टिरिओटाइप’ शब्दाचे मूळ

हा शब्द छापखान्यातला आहे. पूर्वी एकेक खिळा जुळवून पान तयार करीत. तेच पान पुनःपुन्हा छापावयाचे असेल तर जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन त्यात धातू ओतीत आणि अखंड पत्रा तयार करीत. या पत्र्याचे नाव स्टिरिओटाइप. त्यात एखादे अक्षर चुकले असेल, तर ती चूक प्रत्येक प्रतीत उतरे, कारण सुटा खिळा बदलण्याची सोय उरलेली नसे. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात मनात आधीच ठसलेल्या चित्रांसाठी हा शब्द योजला, आणि तेव्हापासून तो त्या अर्थाने रूढ झाला.

दुष्काळ, बंदर आणि रोजगार

आयरिश माणसाचा साचा ओतला गेला तो हॉलिवूड जन्मण्यापूर्वी अर्धे शतक. १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या ८२ लाखांच्या आसपास होती. गरीब रयतेचा सारा आहार बटाट्यावर अवलंबून होता, कारण धान्य आणि जनावरे जमिनीचा खंड भरण्यात जात. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला, आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगाने मेली. तितकीच किंवा त्याहूनही अधिक देश सोडून गेली. १८५१ च्या खानेसुमारीत आकडा ६५ लाखांवर आला होता. देश सोडलेल्यांपैकी फार मोठा समुदाय न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया या बंदरांत उतरला.

हे लोक निर्धन होते, बहुतेक खेड्यांतले होते, आणि प्रॉटेस्टंट बहुसंख्य असलेल्या देशात ते कॅथॉलिक होते. पुरुषांना कालवे खणणे, लोहमार्ग घालणे, गोदीत ओझी वाहणे ही कामे मिळाली. अविवाहित मुली मोठ्या संख्येने एकट्याच येत. त्या श्रीमंतांच्या घरी राहून स्वयंपाकपाणी करीत आणि पगारातून वाचवलेली रक्कम मायदेशी धाडून भावंडांचे प्रवासभाडे भरीत. नोकरीच्या जाहिरातींत ‘आयरिशांनी अर्ज करू नये’ अशा आशयाची सूचना छापली जाई. १८५० च्या दशकात परकीयांना, विशेषतः कॅथॉलिकांना विरोध करणारा ‘नो-नथिंग’ नावाचा राजकीय पक्ष बलवान झाला. ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकात टॉमस नास्ट हा त्या काळचा अत्यंत प्रभावी व्यंगचित्रकार आयरिश माणसाला वानराचा जबडा, हातात सोटा आणि खिशात बाटली देऊन रंगवीत असे. नास्टने भ्रष्टाचाराविरुद्ध मोठी कामगिरी केली, हे खरे. पण या चित्रांबद्दल त्याला क्षमा करता येत नाही.

येथे साच्याच्या घडणीतील मुख्य यंत्र दिसते. परिस्थितीने लादलेला धंदा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत स्वभाव होऊन बसतो. बोस्टनमध्ये १८५१ साली बार्नी मॅक्गिनिस्किन हा आयर्लंडात जन्मलेला पहिला पोलीस नेमला गेला तेव्हा केवढा गदारोळ झाला. पण पुढे न्यूयॉर्कमध्ये टॅमनी हॉल या राजकीय संघटनेच्या आश्रयाने आयरिश मतदारांना नगरपालिकेच्या, पोलीस व अग्निशमन खात्याच्या नोकऱ्या मिळू लागल्या, आणि एका पिढीच्या आत ‘पोलीस म्हणजे आयरिश’ हे समीकरण इतके पक्के झाले की जणू शिट्टी आणि दंडुका घेऊनच ही जात जन्मते. मुंबईत घडलेल्या हिंदी चित्रपटांत हवालदार आणि धुणेभांडी करणारी बाई ही पात्रे इतकी वर्षे मराठी बोलत आली, ती याच न्यायाने. शहरात ज्या कामावर जो समाज नजरेस पडतो, ते काम त्याच्या रक्तात आहे असे कथाकार धरून चालतो. त्याच समाजातले वैद्य, वकील आणि प्राध्यापक त्याला दिसत नाहीत.

मद्यपानाचीही कथा अशीच. गुत्ता ही परमुलखात आलेल्या मजुरांची चावडी होती; तेथे काम कळे, पत्रे वाचली जात, मतांची जुळवाजुळव होई. पण ज्या देशाला दारुड्यांचा देश ठरवले गेले, त्याच देशात १८३८ पासून फादर मॅथ्यू यांनी मद्यत्यागाची जी मोहीम उभारली, तीत लक्षावधी लोकांनी शपथ घेतली. हा पाद्री १८४९ मध्ये अमेरिकेतही गेला आणि तेथेही त्याने सहस्रावधी आयरिशांना शपथ दिली. शपथ घेऊन जन्मभर निर्व्यसनी राहिलेला आयरिश मजूर इतिहासात विपुल आढळतो. पडद्यावर तो मला फारसा भेटलेला नाही.

रंगमंचावरून पडद्यावर

इंग्रजी रंगभूमीवर ‘आयरिश सोंग’ पुरातन होते. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मधील तापट कॅप्टन मॅक्मॉरिस हा त्याचा एक पूर्वज. एकोणिसाव्या शतकात डब्लिनमध्ये जन्मलेल्या डायन बूसिको या नाटककाराने हेच सोंग उजळून घेतले. १८७४ साली न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलेल्या त्याच्या ‘द शॉरॉन’ या नाटकातला भटक्या नायक दारू पितो, थापा मारतो. पण तो शूर आहे, निष्ठावंत आहे, आणि सर्वांहून चतुर आहे. ही भूमिका बूसिकोने स्वतः केली आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. साचा मोडण्याऐवजी त्याला प्रेमळ रंग देण्याची जी युक्ती पुढे हॉलिवूडने सर्रास वापरली, तिची सुरुवात अशी एका आयरिश माणसाच्याच हातून झाली.

चित्रपट आले तेव्हा ते मुके होते आणि एकदोन मिनिटांत संपत. संवाद नाही, वेळ नाही. ओळख पटवावयाची ती केवळ वेशाने आणि कृतीने. एडिसन कंपनीच्या १९०१ सालच्या ‘द फिनिश ऑफ ब्रिजेट मकीन’ या चित्रफितीत एक जाडजूड आयरिश स्वयंपाकीण चूल पेटत नाही म्हणून तीत रॉकेल ओतते, स्फोट होतो, ती छपरातून उडून जाते, आणि शेवटी तिच्या थडग्याचे चित्र दिसते. लोक हसले. ज्या घरांतील बाया ही चित्रे पाहून हसत होत्या, त्यांच्याच स्वयंपाकघरांत खऱ्या ब्रिजेट पहाटे पाचापासून राबत होत्या, हे मनात आले की हसू येत नाही.

फिर्याद झाली, पण निकाल कोणता लागला?

१९२७ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने ‘द कॅलाहन्स अँड द मर्फीज’ हा विनोदी चित्रपट काढला. दोन आयरिश शेजारणी, त्यांची भांडणे, त्यांची दारू असा तो मामला होता. पण तोपर्यंत स्थलांतरितांची नातवंडे मतदार, वकील, बिशप झाली होती. आयरिश-अमेरिकन संघटनांनी रान उठवले, चित्रपटगृहांत गोंधळ झाले. कंपनीने आधी काटछाट केली आणि अखेर चित्रपट मागे घेतला. आज त्याची संपूर्ण प्रतही उपलब्ध नाही.

यानंतरची घडामोड अधिक महत्त्वाची आहे. १९३० साली हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेली जी नीतिसंहिता तयार झाली, तिचा मसुदा डॅनिएल लॉर्ड हे जेझुइट पाद्री आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथॉलिक प्रकाशक यांच्या हातचा होता. आणि १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी ज्याच्याकडे आली, तो जोसेफ ब्रीन फिलाडेल्फियाचा आयरिश कॅथॉलिक होता. धर्मगुरूला विदूषक किंवा खलनायक म्हणून दाखवू नये, असे एक कलमच त्या संहितेत होते. म्हणजे ज्या समाजाची टवाळी होत होती, त्याच समाजातील माणसाच्या सहीशिक्क्याशिवाय मोठ्या कंपन्यांचा चित्रपट बाहेर पडणे दुरापास्त झाले. एवढी सत्ता हाती आल्यावर साचा फुटावयास हवा होता.

तो फुटला नाही. उलटा करून वापरला गेला. १९३८ च्या ‘बॉइज टाऊन’मध्ये स्पेन्सर ट्रेसीने अनाथ मुलांचा कैवारी फादर फ्लॅनगन साकार केला आणि ऑस्कर मिळवले. त्याच वर्षीच्या ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’मध्ये हे तंत्र उघडेच दिसते: दोन आयरिश पोरे रेल्वेच्या डब्यात चोरी करून पळतात, जो जोरात पळतो तो सुटतो आणि पाद्री होतो, जो सापडतो तो सुधारगृहात जाऊन गुंड होतो. पहिला पॅट ओब्रायन, दुसरा जेम्स कॅग्नी. पटकथेने अजाणता मोठे सत्य सांगितले आहे, की या दोघांतला भेद रक्ताचा नसून पायांच्या वेगाचा आणि नशिबाचा होता. पण प्रेक्षकाने त्यातून घेतले ते एवढेच, की आयरिश माणूस एक तर पाद्री असतो नाही तर गुंड.

१९४४ चा ‘गोइंग माय वे’ हा या रंगकामाचा कळस. त्यात बिंग क्रॉस्बी तरुण पाद्री आणि बॅरी फिट्झजेरल्ड वृद्ध पाद्री झाला. हा वृद्ध पाद्री इतका लोभस आहे की त्याच्यावर रागावणे शक्यच नाही. पण त्याच्या खोलीतले पुस्तकांचे कपाट पाहा: त्यात ग्रंथांच्या मागे व्हिस्कीची बाटली ठेवलेली आहे. गुत्त्यातली बाटली कपाटात आली, एवढाच फरक पडला.

आणि हा आदर्श आयरिश कॅथॉलिक पाद्री साकारून सहायक अभिनेत्याचे ऑस्कर पटकावणारा बॅरी फिट्झजेरल्ड स्वतः डब्लिनचा प्रॉटेस्टंट होता. आयरिश बंडखोर, आयरिश सार्जंट, आयरिश शेतकरी अशा भूमिकांत गाजलेला व्हिक्टर मॅकलाग्लेन तर जन्माने इंग्रज. साचा एकदा सिद्ध झाला की त्यात ओतावयाचा माणूस कोठला आहे, याची चौकशी कोणी करीत नाही.

चाकरमान्याच्या मनातले गाव

१९५२ चा ‘द क्वाएट मॅन’ मी अनेकदा पाहिला आहे आणि तो मला आवडतो, हे आधीच सांगतो. त्यातील दोष दाखवणे म्हणूनच मला अधिक अगत्याचे वाटते. जॉन फोर्ड हा त्याचा दिग्दर्शक. त्याचे मूळ आडनाव फीनी, जन्म अमेरिकेतील मेन राज्यात, आईबाप गॉलवेकडचे. मॉरिस वॉल्श यांच्या १९३३ सालच्या कथेवरून त्याने हा चित्रपट मेयो परगण्यातील काँग या गावी जाऊन चित्रित केला आणि चौथ्यांदा दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळवले. पिट्सबर्गचा मुष्टियोद्धा शॉन थॉर्नटन आईबापांच्या खेड्यात परत येतो, तांबड्या केसांच्या मेरी केटच्या प्रेमात पडतो, हुंड्यावरून तिच्या भावाशी त्याचे वैर होते, आणि सगळ्या गावाच्या साक्षीने मैलभर लांबलेल्या मारामारीत ते मिटते. मध्येच दोघे योद्धे गुत्त्यात शिरून पेला रिचवतात.

या चित्रपटातले आयर्लंड इतके हिरवे आहे की डोळे निवतात. पण ते आयर्लंडात राहणाऱ्याचे नव्हे, आयर्लंड सोडून गेलेल्याच्या मुलाचे आयर्लंड आहे. कोकणातून मुंबईस आलेल्या चाकरमान्याच्या मनात गाव जसे सोडले त्या दिवशीचे थांबून राहते. तेथे चिखल नसतो, कर्ज नसते, भाऊबंदकी असली तरी गोड असते, आणि त्याच्या मुलांना तो जे सांगतो ते या गाळलेल्या आठवणींतून सांगतो. फोर्डने हेच केले, मोठ्या प्रतिभेने केले. ज्या १९५० च्या दशकात त्या खेड्यांतून तरुण माणसे रोजगाराअभावी पुन्हा लाखांनी परदेशी जात होती, त्या दशकाची खूण चित्रपटात नाही. आणि नायक नायिकेला रानातून फरफटत नेतो, तेव्हा गावातली एक बाई तिला मारण्यासाठी त्याच्या हाती काठी देऊ करते, यावर हसण्याची जी अपेक्षा आहे ती मला आज मान्य होत नाही. लोभस रंगाखाली जुना रानटी आयरिश जसाच्या तसा आहे.

यंत्राचे शेवटचे चाक येथे फिरू लागते. चित्रपट पाहून अमेरिकन प्रवासी काँगला येऊ लागले. त्यांना जे पाहावयाचे होते ते गावाने दाखवले. नायिकेला हातांवर उचललेल्या नायकाचा पुतळा आज त्या गावात उभा आहे. बाहेरच्याने ओतलेला साचा आतल्याने दुकानात मांडला, की पुढच्या पटकथाकाराला तो अस्सल पुरावा म्हणून सापडतो.

पिस्तूल, आणि चोविसावे शतक

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. १९६० मध्ये दुष्काळाच्या काळात देश सोडलेल्याचा पणतू जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, आणि आयरिश असणे ही अमेरिकेत अडचण उरली नाही. उत्तर आयर्लंडातील रक्तपात सुरू झाल्यावर जुन्या भांडखोराच्या हाती बाँब आला: १९९२ चा ‘पेट्रियट गेम्स’, १९९४ चा ‘ब्लोन अवे’, १९९७ चा ‘द डेव्हिल्स ओन’. त्यांत त्या संघर्षाची कारणे दोन वाक्यांत आटोपतात. बोस्टनचे गुंड आणि पोलीस २००६ च्या ‘द डिपार्टेड’मध्ये पुन्हा समोरासमोर आले; कॅग्नी आणि ओब्रायन यांचीच ती नातवंडे.

दूरदर्शन मालिकांतील एक उदाहरण मात्र टाळता येत नाही. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही भविष्यकाळातली, माणूस वंशभेदाच्या पलीकडे गेला आहे असे मानणारी मालिका. तिच्या १९८९ सालच्या एका भागात दूरच्या ग्रहावर वसलेली आयरिश वळणाची वसाहत संकटातून सोडवली जाते. त्या वसाहतीतले लोक चोविसाव्या शतकातील अंतराळयानात डुकरे, कोंबड्या आणि गवत घेऊन चढतात, आणि त्यांचा पुढारी दारूच्या शोधात फिरतो. याच मालिकेत डब्लिनमध्ये जन्मलेला कोल्म मीनी हा नट ओब्रायन नावाच्या शांत, कुशल, कुटुंबवत्सल तंत्रज्ञाची भूमिका वर्षानुवर्षे करीत होता. ज्याला शंभर भाग मिळतात तो माणूस होतो. ज्याला एक भाग मिळतो तो साचा राहतो.

एक चित्रपट जरूर पाहावा

वाचकाला माझे सांगणे असे, की यातले काही पाहावयाचे असेल तर जॉन ह्यूस्टन याचा १९८७ सालचा ‘द डेड’ पाहावा. ह्यूस्टन अमेरिकन, १९६४ साली त्याने आयर्लंडचे नागरिकत्व घेतले होते. जेम्स जॉइसच्या कथेवरचा हा त्याचा अखेरचा चित्रपट त्याने आजारपणात, चाकांच्या खुर्चीत बसून, बहुतांशी कॅलिफोर्नियातच चित्रित केला. डब्लिनमधील दोन वृद्ध बहिणींच्या घरी वार्षिक मेजवानी आहे, आणि फ्रेडी मॅलिन्स पिऊन येईल की काय या धास्तीने त्या दाराकडे पाहत आहेत. तो येतो, आणि पिऊनच येतो. आईने नाताळानंतर त्याच्याकडून मद्यत्यागाची शपथ घेवविलेली असते. पण त्याला कोणी हसण्यासाठी पुढे करीत नाही. त्याला बाजूला नेऊन सावरले जाते, त्याच्या म्हाताऱ्या आईची लाज आणि माया दोन्ही दिसतात, आणि जेवणाच्या टेबलावर तो इतरांप्रमाणेच आपले मत मांडतो. तोही आयरिश आहे, तोही प्यालेला आहे, आणि चित्रपट संपल्यावर त्याचा चेहरा दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यात मिसळत नाही.